पाठमोरे काकासर

सिनेमाचा दिग्दर्शक घरी आला तेव्हा मी त्याला चांगल्यातला कप काढून चहा दिला. तो काय सांगायला आलाय हे आधी कळलं असतं, तर कान तुटलेला दिला असता.

"काकू, दुसऱ्या भागाची गोष्ट तयार आहे," तो अगदी हळव्या आवाजात म्हणाला. "पहिल्याच दृश्यात काकासर आपल्यातून निघून जातात. मग त्यांची मुलं त्यांचं गाणं गातात आणि तिथून सिनेमा सुरू होतो."

काकासर म्हणजे आमचे हे. ते त्याच्या शेजारीच बसून चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किटाचा अर्धा तुकडा कपात पडला.

"कशाने जातो मी?" यांनी विचारलं.

"झोपेत, काका. अगदी शांतपणे."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि चमच्याने तुकडा शोधायला लागले.

यांना ठीक असेल, मला नव्हतं. गेल्या वर्षी यांच्या छातीत दुखलं, तेव्हा इस्पितळातल्या बाकावर बसून मी जे काही मनात पाहिलं होतं, ते मला पडद्यावर पुन्हा पाहायची हौस नव्हती. आणि जिवंत माणसाच्या घरी येऊन, त्याचाच चहा पिऊन, त्याला पहिल्याच दृश्यात मारायचं म्हणजे काय? मी तसं तोंडावर बोलले. दिग्दर्शकाने मान खाली घातली. खरं कारण नंतर मेकअपवाल्या बाईने माझ्या कानात सांगितलं. सिनेमात यांचं काम करणाऱ्या हीरोकडे तारखाच नव्हत्या. फोटोपुरताच यायला तो कबूल झाला होता.

यांच्यावरच्या सिनेमाचा पहिला भाग तुम्ही पाहिला असेल तर तो डोक्यातून काढून टाका. त्यात हीरो मुलांच्या समोर उभा राहतो, दोन्ही हात पसरतो, केस उडवतो आणि मुलं गायला लागतात. आमचे हे मुलांच्या समोर कधी उभेच राहिले नाहीत. हे शाळेची बस चालवायचे. मी त्याच बसवर होते, दाराशी उभी राहून मुलं चढवायची आणि उतरवायची. मुलं इतकी दंगा करायची की यांना मागच्या गाडीचा भोंगा ऐकू यायचा नाही. ओरडणं यांच्या स्वभावात नव्हतं, ते खातं माझ्याकडे होतं. मग एके सकाळी हे गाडी चालवता चालवता गुणगुणायला लागले, ते पण भसाड्या आवाजात.

*हात आत घ्या, डोकं आत घ्या,*
*बाहेरची झाडं बाहेरच राहू द्या.*

मी रोज कोकलून सांगायचे तेच यांनी गाण्यात घातलं. मुलं ते म्हणायला लागली आणि त्यांचे हात खरोखरच आत आले. मला त्याचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू?

गाडी चालवणारा माणूस मागे वळून 'एक दोन तीन' म्हणू शकत नाही. म्हणून हे डावा हात वर करायचे, डोक्यावरचा आरसा जरा नीट करायचे, त्या आरशात यांचे डोळे दिसायचे आणि भुवया वर गेल्या की सगळी बस गायला लागायची. माझ्याशीसुद्धा हे आरशातूनच बोलायचे. लग्नाचं विचारलं तेही आरशात बघून, आणि मी 'हो' म्हटलं तेव्हा सिग्नल हिरवा झाला म्हणून लगेच पुढे बघायला लागले. फार लाजरा माणूस.

पुढे शाळेने नव्या गाड्या लावल्या आणि आमची बस शाळेच्या मागच्या अंगणात कायमची उभी राहिली. त्याच सुमारास गाण्याच्या बाई नोकरी सोडून गेल्या. मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहून बसमधून उतरणारी मुलं ऐकत आल्या होत्या. त्यांनी यांना बोलावून सांगितलं, "उद्यापासून गाण्याचा तास तुमचा." हे घरी येऊन दोन घास जेवले आणि ताटावरून उठले. सूर म्हणजे काय ते यांना ठाऊक नव्हतं. अजूनही फारसं नाही.

पहिल्या दिवशी हे वर्गात मुलांकडे तोंड करून उभे राहिले. जीभ टाळ्याला चिकटली, अख्खा तास तसाच गेला. पुढच्या तासाला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसमध्ये चढले, आरसा काढला आणि वर्गात फळ्याच्या वर ठोकला. मग मुलांकडे पाठ केली, डावा हात वर केला, आरसा नीट केला. मुलं गायला लागली. तेव्हापासून हे असंच चाललंय. मुलांनी 'ड्रायव्हरकाका' आणि 'सर' एकत्र करून 'काकासर' केलं. मी शाळेत मधल्या सुट्टीचं बघते, मला ती अजून बसताई म्हणतात.

यंदा मात्र डॉक्टरांनी बजावलं. दगदग पुरे, आता घरी बसा. हे सत्राच्या शेवटी थांबणार हे ठरलं. नवीन गाण्याचा शिक्षक काही मिळत नव्हता. मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "काकासर, मी काय करू? शिक्षक नसलेला तास रिकामा ठेवता येत नाही. तो गणिताला द्यावा लागेल."

"मुलं आपली आपण गातील," हे म्हणाले.

"तुमच्याशिवाय गातील?"

"गातील."

मोठ्या बाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. त्या म्हणाल्या, "सिनेमात यंदा आपलीच मुलं गाणार आहेत ना? तुम्ही नसल्याचंच तर दृश्य आहे. मी येऊन बसते. मुलं तुमच्याशिवाय गायली, तर तास राहील. वर्गात मी बसेन आणि मुलं गातील."

हे घरी आले ते लहान मुलासारखे आनंदात. आपल्याच मरणाचं दृश्य कधी एकदा चित्रित होतंय असं यांना झालं होतं. मी भांडी आपटली.

तालमी सुरू झाल्या. संगीतकाराने बसच्या गाण्याची चाल इतकी संथ करून टाकली होती की 'हात आत घ्या' म्हणेपर्यंत हात तुटून पडला असता. वर व्हायोलिनं. मुलं ती चाल शिकली, पण निम्मी मुलं गाता गाता रडायची. पहिल्या रांगेतली सगळ्यात छोटी, जिला सगळे भोंगा म्हणतात, तिने तर मध्येच थांबून विचारलं, "काकासर, तुम्ही खरंच मरणार?"

"अगं, मी हा इथे उभा आहे," हे आरशात बघून म्हणाले. "आणि माझ्या मरणावर कुणी सूर सोडलेला मला चालणार नाही. परत."

हे समोर असताना सगळं सुरळीत व्हायचं. मग हे म्हणायचे, "आता मी बाहेर जातो, तुम्ही सुरू करा," आणि दार लावून व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ उभे राहायचे. आम्ही दोघं कान देऊन ऐकत राहायचो. आत चिडीचूप. दाराच्या फटीतून पाहिलं, तर सगळी मुलं तोंडं किंचित उघडी ठेवून वरच्या आरशाकडे बघत बसलेली. त्या आरशात कुणी नव्हतं, नुसता मागच्या भिंतीचा तुकडा होता.

"मोठ्या मुलींपैकी एकीला पुढे उभी करा," मी म्हणाले. वर्गात एक उंच मुलगी आहे, मान वर करून चालते म्हणून जिराफ. तिला पुढे उभी केली. तिने हात वर केला. मुलं तिच्या डोक्यावरून आरशाकडेच बघत राहिली.

त्या संध्याकाळी हे ताटातला भात चिवडत बसले. मग म्हणाले, "माझं चुकलंच. मी त्यांना गायला शिकवलंच नाही, माझ्याकडे बघायला शिकवलं."

"मग मरण पुढे ढकला," मी म्हणाले.

हे हसले नाहीत. मला माझाच राग आला. या माणसाने जन्मभर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आता मागत होता तो आठवड्यातला एक तास, तोही स्वतःसाठी नाही. मी यांच्या ताटात आणखी भात वाढला.

चित्रीकरणाच्या दिवशी शाळेचा हॉल ओळखू येईना. दिवे, तारा, इकडून तिकडे पळणारी माणसं. स्टेजच्या पायऱ्यांवर मुलं इस्त्रीच्या गणवेशात रांगेने उभी. त्यांच्या समोर एक रिकामी खुर्ची, खुर्चीशेजारी हीरोचा हसरा फोटो आणि खुर्चीच्या मागे उभ्या केलेल्या भिंतीवर, मुलांना दिसेल असा, आमच्या बसचा आरसा. सजावटवाल्यांना तो फार आवडला होता. यांनी तो वर्गातून काढून दिला, तोही फडक्याने पुसून.

माझं काम करणारी नटी माझ्या शेजारी येऊन बसली. दिसायला इतकी सुंदर, की पहिला भाग बघून शेजारणी मला आठवडाभर चिडवत होत्या. तिने माझा हात धरून विचारलं, "काकू, अशा वेळी तुम्ही कशा रडाल?"

"मी रडत नाही," मी म्हणाले. "मी भांडी घासते."

तिने ते मनावर घेतलं असावं, कारण ती जाऊन दिग्दर्शकाशी भांड्यांबद्दल काहीतरी बोलली. त्याने नाही म्हटलं.

मोठ्या बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या, मांडीवर पर्स. मी त्यांच्या मागे. यांना दिग्दर्शकाने दिव्यांच्या मागे अंधारात उभं केलं होतं. सगळीकडे शांतता झाली. कॅमेरा सुरू झाला. मुलांनी आरशाकडे पाहिलं. आणि काय आश्चर्य, मुलं गायला लागली! सगळी एकदम, एका श्वासात, संथ आणि सुरात. नटीच्या डोळ्यांतून बरोबर वेळेवर पाणी आलं. मोठ्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला.

गाणं संपलं आणि दिग्दर्शक ओरडला, "ओके! एका झटक्यात ओके!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र टाळ्या वाजवू शकले नाही, कारण मी मुलांकडे नाही, यांच्याकडे बघत होते. मोठ्या दिव्याच्या मागे, बरोबर त्या आरशात दिसेल अशा जागी उभे राहून यांनी डावा हात वर केला होता.

मी तशीच उठून यांच्याकडे गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना बोलायची गरज नव्हती, तरी मी बोलले.

"कुणी पाहिलं नाही," मी हळूच म्हणाले. "तास वाचला. गप्प राहा."

"मुलांनी पाहिलं," हे म्हणाले.

"त्यांना काय कळतंय?"

"आपोआप हात वर गेला गं. ती बिचारी वाट बघत होती, मला राहवलं नाही." यांच्या कपाळावर दिव्यांचा घाम होता. "पण पुढच्या सत्रात कोण हात वर करेल?"

मला यांना गदागदा हलवावंसं वाटलं. सगळं पदरात पडलं होतं आणि हा माणूस ते परत करायला निघाला होता. पण इतकी वर्षं संसार केला, यांचा हा चेहरा मला माहीत होता. लाल सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी हे थांबायचे, तेव्हाचा चेहरा. मागे कुणी कितीही भोंगे वाजवले तरी हे हलायचे नाहीत.

हे मोठ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. यांच्यासारख्या माणसाला समोरासमोर बोलायचं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. "बाई," हे म्हणाले, "मी मागे होतो. हात मी उचलला." मग दिग्दर्शकाकडे वळले. "परत घ्या. मी बाहेर बसतो."

"काका, पण इतकं सुंदर झालंय!"

"मी मेलोय ना?" हे म्हणाले. "मग मला इथे ठेवू नका."

मी यांच्यामागे निघाले, तर यांनी मला दारातच अडवलं. "तू थांब. काय झालं ते सांगायला मला कुणीतरी हवं." आणि हे एकटेच मागच्या अंगणाकडे गेले. खांदे जरा उतरले होते.

दुसऱ्यांदा कॅमेरा सुरू झाला. मुलांनी आरशाकडे पाहिलं. आरशात दिवा होता, माणूस नव्हता. कुणी गायलं नाही. तिसऱ्यांदा दिग्दर्शकाच्या मदतनिसाने बाजूने बोटं दुमडत तीन आकडे मोजले. भोंगाने एकटीने सुरुवात केली, दोघं मागून आले, बाकीचे त्याच्याही मागून, आणि सगळं कोलमडलं. संगीतकार म्हणाला की पहिलं गाणंच वापरू, झंझट नको. मोठ्या बाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली. तो आवाज मला फार मोठा वाटला.

तेवढ्यात जिराफ पायऱ्यांवरून खाली उतरली. कुणाला काही न विचारता ती त्या रिकाम्या खुर्चीपाशी गेली, बूट काढले आणि सरळ खुर्चीवर चढली. मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर! दिग्दर्शकाच्या तोंडून "अगं, अगं" एवढंच निघालं. तिने हात लांब करून आरसा धरला आणि वाकवायला लागली. आजवर तो आरसा यांच्या डोळ्यांच्या बेताने लावलेला असायचा. तिने तो खाली वळवला, जरा डावीकडे घेतला, मागे वळून रांगांकडे पाहिलं, पुन्हा थोडा खाली घेतला.

"दिसतंय का?" तिने विचारलं.

"मी दिसतेय!" भोंगा ओरडली.

"मी पण!"

"सरक ना, माझं डोकं अर्धंच येतंय!"

रांगा सरकल्या, दाटीवाटी झाली. सगळ्यात मागच्या मुलाने टाचा उंचावल्या. त्या एवढ्याशा आरशात सगळा वर्ग मावला. जिराफ उतरून आपल्या जागी जाऊन उभी राहिली. बूट खुर्चीखालीच राहिले.

मी जिथे बसले होते तिथून मला आरसा तिरपा दिसत होता. मुलं एकमेकांकडे बघत होती. कुणीतरी जीभ काढली, कुणीतरी हसलं. मग हसू ओसरलं आणि सगळे एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लागले. नेमक्या कुणाच्या भुवया आधी वर गेल्या ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच दिसलं, की सगळ्यांच्या वर गेल्या.

*हात आत घ्या, डोकं आत घ्या...*

आणि ते संथ नव्हतं! मुलांनी बसची चाल धरली होती, खड्ड्यातून गाडी गेल्यावर जशी चाल उडायची, तशी उड्या मारत. संगीतकाराने डोकं धरलं. दिग्दर्शकाने हात वर केला होता तो थांबवायला की काय ते कळलं नाही, पण तो तसाच वर राहिला आणि त्याने कुणालाही थांबवलं नाही. नटी रडायचं विसरून पाय हलवत होती. रडत मी होते. चांगली घळाघळा, नाक ओढत, आणि आसपास घासायला एकही भांडं नव्हतं.

मोठ्या बाई गाणं संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग मागे वळून मला म्हणाल्या, "शनिवारचा तिसरा तास. तसाच राहील. पण आरसा त्यांचा त्यांनी पुसायचा."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी नुसतं "हो बाई" म्हणाले आणि धावत सुटले. या वयात मी धावत नाही.

मागच्या अंगणात बस उभी होती. टायर बसलेले, दाराला गंज. हे ड्रायव्हरच्या जागेवर बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, नजर समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर. डोक्यावर जिथे आरसा असायचा, तिथे स्क्रूची दोन भोकं होती. मी माझ्या नेहमीच्या दारातून चढले आणि धाप लागली म्हणून दांडा धरून उभी राहिले.

"ऐकू आलं," हे समोर बघूनच म्हणाले. "मला वाटलं आता हात वर करावा. करणार होतो, तर त्यांनी आधीच सुरू केलं." यांनी चाकावरची धूळ अंगठ्याने पुसली. "कुणी खूण केली?"

"कुणीच नाही. आरसा स्वतःकडे वळवला आणि एकमेकांना बघून गायली."

यांची बोटं चाकावर त्या चालीत वाजायला लागली.

"सुरात होती?"

"अजिबात नाही. आणि जिराफ तर बूट न घालता."

यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते पाठीवरून कळेना. इतकी वर्षं त्या पाठीकडे बघत आले, पण एवढं एकच तिच्यावरून कधी कळलं नाही.

"तास?" यांनी विचारलं.

"राहिला."

"मग झालं माझं," हे म्हणाले.

"झालं," मी म्हणाले. "आता तुम्ही मेलात तरी चालेल. पण घाई करू नका."

सवयीने यांचा डावा हात वर गेला, त्या दोन भोकांपर्यंत. तिथे काहीच नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला आणि खाली आला. मग आमच्या ह्यांनी चाक सोडलं, सीटवर हात टेकून अख्खं अंग मागे फिरवलं आणि माझ्याकडे सरळ, समोरासमोर, पुरतं वळून पाहिलं.